अमिगा ५०० वर 'मचमोअर': आठ महिन्यांच्या वाचनानंतर

आईने लिहिलेल्या आठवणींची फाइल अमिगा या जुन्या संगणकावर पहिल्यांदा उघडली, तेव्हा 'छकुली' या शब्दापाशी मजकूर बिघडला. पडद्यावर मजकूर दाखवणारा मचमोअर हा प्रोग्रॅम वापरायला लागून मला तेव्हा पाच महिने झाले होते. आज आठ झालेत, आणि या प्रोग्रॅमबद्दल नीट लिहायचंच असं त्या 'छ'मुळे ठरलं. ती गोष्ट पुढे सविस्तर सांगते. आधी मशीनची ओळख.

मी नोकरीनिमित्त जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहते. अमिगा बनवणाऱ्या कमोडोर कंपनीचा कारखाना याच गावात होता, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात कमोडोरच्या वस्तू अजून बऱ्यापैकी दिसतात. गेल्या वर्षी एका रविवारी मला अमिगा ५०० मिळाला, सोबत १०८४ मॉनिटर. हा १९८७ साली आलेला घरगुती संगणक. प्रोसेसर मोटोरोला ६८०००, वेग ७.०९ मेगाहर्ट्झ, मूळ मेमरी ५१२ केबी. माझ्या मशीनच्या पोटाखालच्या खणात आणखी ५१२ केबीचं कार्ड होतं, म्हणजे एकूण १ एमबी. असं मशीन कोणी घेणार असेल तर पहिलं काम हा खण उघडून बघायचं. त्या कार्डावर घड्याळासाठी बॅटरी असते आणि ती वर्षानुवर्षं पडून राहिली की गळते. माझ्याकडे बॅटरीभोवती हिरवा थर चढला होता. ती काढून टाकली, व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून घेतली. मेमरी वाचली, घड्याळ गेलं.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवला आहे. पेन ड्राइव्हमधल्या एडीएफ फाइल्स (एकेक म्हणजे एका फ्लॉपीची नक्कल) तो अमिगाला फ्लॉपी म्हणून दाखवतो. एका फ्लॉपीत ८० ट्रॅक, दोन बाजू, बाजूमागे ११ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे ९,०१,१२० बाइट किंवा ८८० केबी. माध्यम बदललं तरी वेग फ्लॉपीचाच राहतो, कारण अमिगाला आपण फ्लॉपीच वाचतोय असं वाटत असतं.

आता मुद्द्याचं. जुना संगणक घरात आणला की माणूस खेळ खेळेल असं सगळे धरून चालतात. मी त्यावर मुख्यतः वाचते. अमिगाभोवती लिहिलं गेलेलं साहित्य प्रचंड आहे. फ्रेड फिश या अमेरिकन गृहस्थांनी मोफत वाटता येणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या डिस्क एकामागून एक काढल्या, त्या १९९४ पर्यंत ११२० झाल्या. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमसोबत लेखकाने लिहिलेली साधी मजकुराची फाइल असते. कुणी विद्यार्थी असतो, कुणी रात्री जागून कंपायलर लिहिलेला. आवडलं तर पोस्टकार्ड पाठवा, असंही कुणीकुणी लिहितं. या फाइल्स वाचायच्या तर मजकूर दाखवणारा चांगला प्रोग्रॅम हवा.

वर्कबेंच म्हणजे अमिगाचा खिडक्या-आयकॉनचा पडदा; त्याच्या १.३ आवृत्तीच्या डिस्कवर मजकूर दाखवणारा 'मोअर' येतो. तो काम करतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कमांड लाइनवर 'टाइप' म्हणूनही फाइल सोडता येते. त्यात मजकूर धावत सुटतो, मध्ये एखादी कळ दाबली की थांबतो आणि बॅकस्पेसने ती कळ पुसली की पुन्हा चालू. पण मागचं वाक्य पुन्हा बघायचं झालं तर गेलं ते गेलं.

मचमोअर लिहिला तो फ्रिट्योफ झीबर्ट यांनी. अमिगासाठी ओबेरॉन भाषेचा कंपायलर लिहिणारे तेच. हा प्रोग्रॅम वर्कबेंचच्या खिडकीत न बसता स्वतःचा वेगळा पडदा उघडतो. अडवायला ना चौकट, ना आयकॉन. ८० अक्षरांच्या ओळी आणि वरपासून खालपर्यंत फक्त मजकूर. ठळक, तिरपी, अधोरेखित अक्षरं दाखवतो, चार रंग दाखवतो. शब्द शोधता येतो. मदतीचं पान आत आहेच. छापायचीही सोय आहे, पण माझ्याकडे प्रिंटर नाही.

आणि मजकूर सरकतो. ओळ उडी मारून वर जात नाही, सरकते. स्पेसबार दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. पहिल्या दिवशी मी नुसती दहा मिनिटं हे बघत बसले होते, फाइल कसली होती तेही आठवत नाही.

हे का जमतं ते थोडं सांगते, कारण यात या मशीनचं खरं मोठेपण आहे. ६४० बाय २५६ ठिपक्यांचा पडदा, चार रंग म्हणजे दोन बिटप्लेन (प्रत्येक ठिपक्याचा एकेक बिट ठेवणारे मेमरीतले थर), एकेकाला २०,४८० बाइट. साध्या पद्धतीने मजकूर एक रेघ वर न्यायचा तर ही जवळजवळ ४० केबी मेमरी उचलून शेजारी ठेवायची, आणि तीही सेकंदाला पन्नास वेळा. अमिगात ते करावं लागत नाही. चित्र मेमरीत कुठून वाचायला सुरुवात करायची तो पत्ता दर फ्रेमला कॉपर नावाचं सर्किट व्हिडिओ हार्डवेअरला सांगतं. तो पत्ता ८० बाइटनी पुढे केला की अख्खं चित्र एक रेघ वर गेलेलं दिसतं. मेमरीतला एक बाइटही हललेला नसतो. प्रोसेसरला फक्त खाली नव्याने येणारी ओळ लिहायची असते. फ्रेममागे एक रेघ धरली तर आठ रेघांचं अक्षर वर जायला ०.१६ सेकंद लागतात, आणि ३२ ओळींचं पान पाच सेकंदांत पूर्ण बदलतं. या वेगाने सलग वाचता येत नाही, पण नजर फिरवत जाता येतं. हवा तो परिच्छेद दिसला की अंगठा स्पेसबारवर. काचेच्या जुन्या मॉनिटरवर हे इतकं शांत दिसतं की माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर पान सरकवताना आता डोळ्यांना धक्के जाणवतात.

वापरातली एक युक्ती सांगते, तिने माझा रोजचा त्रास संपवला. जुन्या डिस्कवरच्या मजकुराच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की आयकॉनमध्ये नोंदलेला प्रोग्रॅम उघडायला जातो. तो दुसऱ्या डिस्कवर असेल तर मशीन म्हणतं, अमुक डिस्क घाला. ती घातली की म्हणतं, आता मजकुराची घाला. मी स्टार्टअप-सीक्वेन्समध्ये एक ओळ घातली, मशीन सुरू होतानाच मचमोअर रॅम डिस्कमध्ये, म्हणजे मेमरीतच, कॉपी होतो. मग ज्या फाइल्स वरचेवर वाचते त्यांच्या आयकॉनच्या माहितीत 'डिफॉल्ट टूल'च्या रकान्यात रॅममधल्या मचमोअरचा पत्ता लिहिला. आता डिस्कची अदलाबदल नाही. फाइल उघडायला जो वेळ लागतो तो फक्त ती फाइल वाचण्याचा.

त्रास कुठे झाला? मोठ्या फाइल्सना. १ एमबीच्या मशीनवर अख्खी कादंबरी एका फाइलमध्ये नेण्याचा हट्ट धरू नये. मी लॅपटॉपवरच शंभर-शंभर केबीचे भाग पाडून नेते. दुसरं, विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, अमिगाला एकच लागतं, त्यामुळे ओळीअखेर उगाच एक कचरा दिसतो. तो आधीच काढायचा. तिसरं, हल्लीच्या फाइल्समध्ये अख्खा परिच्छेद ही एकच लांब ओळ असते. ती 'फोल्ड' कमांडने ७६ अक्षरांवर, शब्द न तोडता, कापून घेते. या तिन्ही गोष्टींची मिळून एक छोटी स्क्रिप्ट केली आहे. दोष प्रोग्रॅमचा नाही, फाइल वेगळ्या काळातली आहे एवढंच.

आता 'छ'.

आई सांगलीला असते. दोन वर्षांपासून ती फोनवर तिच्या लहानपणच्या आठवणी लिहून मला पाठवते. मी त्या एका फाइलमध्ये जमवत गेले. पुढेमागे हे सगळं या शांत पडद्यावर वाचावं असं मनात होतं. देवनागरी दिसणार नाही हे माहीतच होतं, अमिगाच्या फाँटमध्ये ती अक्षरंच नाहीत. तरी उत्सुकता म्हणून फाइल तशीच नेली.

यूटीएफ-८ म्हणजे हल्लीच्या फाइल्समध्ये अक्षरं साठवायची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. (बाइट मी इथे सोळाच्या पायाच्या अंकांत लिहिते, त्यात नऊनंतर ए, बी असे अंक येतात.) पहिला नेहमी इ-शून्य, दुसरा ए-चार किंवा ए-पाच. अमिगाच्या लेखी यातला पहिला म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं फ्रेंच अक्षर आणि दुसरा म्हणजे चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, नाहीतर जपानी येनचं. त्यामुळे पडदाभर तीच नक्षी. मचमोअरमध्ये ओळी निदान जागेवर होत्या. पण 'छकुली' आली आणि 'छ'नंतरची चिन्हं गायब झाली. पुढे 'छान'ला तेच, 'इच्छा'ला तेच. बाकी कुठल्याच अक्षराला नाही.

कागदावर बाइट मांडून बघितले तेव्हा उलगडा झाला. 'छ'चा तिसरा बाइट नऊ-बी येतो. आणि अमिगावर नऊ-बी ही आज्ञेची सुरुवात असते. ठळक करा, तिरपं करा, रंग बदला, या सगळ्या सूचना याच बाइटने सुरू होतात. मचमोअर ठळक अक्षरं दाखवतो म्हणजे या सूचना तो वाचतो. म्हणून आईचा 'छ' दिसला की त्याला वाटायचं आता आज्ञा येणार, आणि पुढचं तो आज्ञा म्हणून गिळायचा.

मग तीच फाइल मुद्दाम 'टाइप'ने कमांड लाइनवर सोडली, तर तिथे हाहाकार. अमिगाच्या कन्सोलला, म्हणजे कमांड लाइनच्या खिडकीला, आठ-पाच म्हणजे नवी ओळ आणि आठ-डी म्हणजे कर्सर एक ओळ वर. 'अ'चा शेवटचा बाइट आठ-पाच आहे, आणि पाय मोडायच्या खुणेचा आठ-डी. म्हणजे प्रत्येक जोडाक्षराला कर्सर वर चढतो आणि प्रत्येक 'अ'ला खाली येऊन नवी ओळ धरतो. 'अण्णा' या एका शब्दात खालीही गेला आणि वरही. सहासात ओळींत सगळं एकमेकांवर लिहिलं गेलं. यात कुणाचीच चूक नाही. कन्सोलचे हे संकेत १९८० च्या दशकातले, यूटीएफ-८ ची आखणी १९९२ ची.

सध्या मी आईच्या आठवणी इट्रान्समध्ये बदलून वाचते. अविनाश चोपडे यांनी केलेली ही रोमन लेखनाची पद्धत. साधीच अक्षरं वापरते, दीर्घ स्वर आणि 'ट-ठ-ड-ढ' मोठ्या लिपीत, त्यामुळे कुठलाही बाइट आज्ञा वाटत नाही. पहिली दोन पानं अडखळत वाचली. तिसऱ्या पानापासून मात्र आईचा आवाज ऐकू यायला लागला. विहिरीवरच्या रहाटाचं वर्णन आलं तेव्हा मी स्पेसबार दाबून थांबवलं आणि तिला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, तेवढंच काय वाचतेस, पुढे गाईचं लिहिलंय ते वाच."

पण रोमन ते रोमन. म्हणून आणखी एक वाट धरली आहे. यूनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की होतं, १९९१ साली मानक म्हणून आलेलं. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे ते बऱ्याच कचेऱ्यांत पोचलं. त्यात एका चिन्हाला एकच बाइट, आणि सगळी चिन्हं ए-एकपासून पुढे. म्हणजे नऊ-बी, आठ-पाच, आठ-डी यांच्या वाटेला ते जातच नाही. 'छ' तिथे बी-नऊ. फाइलही जवळपास एक तृतीयांश होते, आणि १ एमबीच्या मशीनवर त्याला फार किंमत आहे. यूटीएफ-८ वरून इस्की करायची स्क्रिप्ट लिहून झाली, ते सोपं होतं.

अवघड आहे तो फाँट. वर्कबेंचसोबतच्या एक्स्ट्राज डिस्कवर 'फेड' नावाचा फाँट काढायचा प्रोग्रॅम आहे, त्यात एकेक ठिपका माऊसने भरायचा. आठ रेघांच्या उंचीत शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार बसत नाही, म्हणून १६ रेघा घेतल्या. पडद्यावर मग ३२ ऐवजी १६ ओळी मावतील, ते चालेल. जोडाक्षरं होणार नाहीत, पाय मोडूनच लिहावी लागतील. पहिली वेलांटी इस्कीत उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर येते, ती आधी आणायचं काम स्क्रिप्टलाच करायला लावलं. मचमोअरला हा फाँट वापरायला लावणं अजून बाकी आहे, ते फाँट पुरा झाला की बघेन.

रोज रात्री दोन-तीन अक्षरं होतात. 'क' ते 'च' झाली. 'छ' तीनदा काढून पुसला, त्याचं पोट आणि शेपटीची गाठ आठ ठिपक्यांच्या रुंदीत वेगळी दिसत नाही. आज पुन्हा बसणार आहे.