यकृताचा पुढच्या टप्प्यातला कॅन्सर: टेस, रेडिएशन, दोन्ही की औषधं?

निवड करण्याआधी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा: गाठ पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) शिरली आहे का, आणि उरलेलं यकृत किती काम करतंय. गाठीच्या आकाराइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, यावर ठरतं.

टेसमध्ये (केमोएम्बोलायझेशन) जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर यकृताच्या धमनीत नेतात, लिपिओडॉल या तेलकट द्रवात मिसळलेलं डॉक्सोरुबिसिनसारखं औषध गाठीत सोडतात आणि तो रस्ता बुजवतात. गाठ मुख्यतः धमनीच्या रक्तावर जगते, तर निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेन पुरवते, म्हणून यकृत तगतं. पण पोर्टल व्हेनच गाठीने बंद झाली असेल, तर नुसत्या टेसने यकृत निकामी होण्याची भीती असते. मोठ्या गाठीच्या कडेला जिवंत पेशीही उरतात.

रेडिएशन शिरेतल्या गाठीवरही मारा करतं. अडचण अशी की श्वासागणिक यकृत वरखाली होतं, त्यामुळे फोर-डी सीटी (श्वासाबरोबरची हालचाल टिपणारा स्कॅन) किंवा श्वास रोखण्याचं तंत्र लागतं. निरोगी भागाला डोस जास्त गेला, तर साधारण २ आठवडे ते ४ महिन्यांत पोटात पाणी होऊ शकतं. जठर किंवा आतडं गाठीला लागून असेल, तर डोस कमी करावा लागतो.

दोन्ही एकत्र करण्याला बळ मिळालं ते दक्षिण कोरियातल्या सोलमधल्या ९० रुग्णांच्या चाचणीतून (२०१८). सगळ्यांची गाठ रक्तवाहिनीत शिरलेली, यकृत चाइल्ड-प्यू ए, म्हणजे चांगलं काम करणारं. आधी टेस, तीन आठवड्यांच्या आत रेडिएशन, कमाल ४५ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप). १२ आठवड्यांनी आजार न वाढलेले ८६.७ टक्के होते. सोराफेनिब हे तोंडावाटे घ्यायचं कॅन्सरचं औषध घेणाऱ्यांत ३४.३. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ५५ विरुद्ध ४३ आठवडे.

तुलना मात्र जुन्या औषधाशी होती, हे विसरू नका. अटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब या औषधांच्या जोडीने नंतर सोराफेनिबला मागे टाकलं: मध्यम आयुर्मान १९.२ विरुद्ध १३.४ महिने. रुग्ण वेगळे असल्यामुळे हे आकडे सोलच्या आकड्यांशेजारी ठेवून निवड करता येत नाही. बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. आधी एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासून घ्या.

आमचं मत: आजार यकृताबाहेर पसरला असेल तर औषधं आधी. गाठ यकृतातच असून शिरेत शिरली असेल आणि यकृत भक्कम असेल, तर जोडउपचाराबद्दल जरूर विचारा. हिपॅटायटिस बी असल्यास त्याचं अँटिव्हायरल आधी सुरू हवं. टेसनंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ अपेक्षित असते. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातला घटक) चढत राहिलं किंवा पोटात पाणी दिसलं, तर ठरलेली तारीख गाठण्यासाठी रेडिएशन रेटू नये.