डनविचची खदान, पिकमनचं घर, व्हॉल्ट ८१ की सेलमचं संग्रहालय? फॉलआउट ४ मध्ये आधी कुठं उतरायचं

फॉलआउट ४ येऊन बरीच वर्षं झाली. २०१५ चा हा गेम अणुयुद्धानंतरच्या, सन २२८७ मधल्या बोस्टनमध्ये घडतो. पण मुख्य कथा संपवलेल्या कित्येकांनी त्यातल्या सगळ्यात चांगल्या जागा पाहिलेल्याच नसतात, कारण कथा तिकडं नेतच नाही. चार जागा निवडल्या आहेत. संध्याकाळचे दोनच तास हाताशी असतील, तर त्यातली कोणती आधी घ्यावी हे ठरवायला हा आढावा.

लातूर, बीड, नांदेडकडं बसून खेळणाऱ्याला आधी लाइटचा हिशोब करावा लागतो. साध्या मोडमध्ये एफ-५ दाबलं की सेव्ह होतं. दर खोलीगणिक दाबायची सवय लावली की प्रश्न मिटला. सर्व्हायव्हल या सगळ्यात कठीण मोडमध्ये मात्र झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. गेममधून रीतसर बाहेर पडलात तर एक सेव्ह होतो, पण लाइट गेल्यावर तेवढीही सवड मिळत नाही. शेवटच्या झोपेनंतरचं सगळं जातं. त्यामुळं सर्व्हायव्हलवाल्यानं जागेच्या तोंडाशी एखादी गादी किंवा स्लीपिंग बॅग हेरून ठेवावी आणि आत शिरण्याआधी एक तास तरी झोपून घ्यावं.

दुसरा हिशोब मशीनचा. गेमची किमान गरज ८ जीबी रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक कार्ड आहे. तेवढ्यावर खेळ चालतो, पण बोस्टनच्या मध्यवस्तीत तो अडखळतो. त्यात मोठा वाटा लांबवरच्या सावल्यांचा असतो. सेटिंगमध्ये शॅडो डिस्टन्स मीडियमवर आणा, बाकी कशाला हात लावायच्या आधी.

पिकमन गॅलरी याच मध्यवस्तीत, नॉर्थ एंड भागात आहे. म्हणजे मशीनला सगळ्यात जड, पण वेळेला सगळ्यात हलकी. पाऊण तासात उरकते. घरात रेडर्स म्हणजे लुटारू, भिंतींवर अंगावर काटा आणणारी चित्रं, आणि खाली भुयारं. दौलताबादच्या अंधारीतून गेलेल्याला या भुयारांची ओळख पटेल: वळण कुठं संपतं ते दिसत नाही आणि वाट बघणारा आधीच तिथं उभा असतो. म्हणून दिवा बंद ठेवून, वाकून चाला. शेवटच्या खोलीत रेडर्सचा म्होरक्या स्लॅब आणि त्याच्या माणसांनी पिकमनला घेरलेलं असतं. तिथंच विटांच्या खांबावर लॉकपिकिंगचा बॉबलहेड असतो, म्हणजे कायमचा फायदा देणारा डुलत्या मुंडीचा बाहुला. लढाईच्या भरात बहुतेक जण तो तसाच सोडून येतात. पिकमनला वाचवलं तर तो किल्ली देतो. ती घेऊन परत घरात यायचं. 'पिकनिक फॉर स्टॅन्ली' नावाच्या चित्रामागं तिजोरी आहे, तिच्यात पिकमन्स ब्लेड. हा चाकू प्रत्येक घावाला २५ गुणांचा रक्तस्राव करतो. सुरुवातीच्या लेव्हलला इतक्या कमी कष्टात याहून चांगलं हत्यार मिळणं अवघड.

डनविच बोअरर्स नकाशाच्या ईशान्येला आहे, मध्यवस्तीपासून लांब, त्यामुळं जुन्या मशीनवरही गेम तिथं बऱ्यापैकी सरळ चालतो. दिसायला ती साधी दगडाची खदान. वरच्या अंगाला रेडर्स, आत गेल्यावर आणखी रेडर्स, आणि खाली जाल तसे घूल, म्हणजे किरणोत्सर्गानं सडलेली माणसं. तिची रचना बारवेसारखी आहे: टप्प्याटप्प्यानं उतरायचं आणि तळाशी पाणी. वाटेत चार ठिकाणी टर्मिनल, म्हणजे नोंदी ठेवलेले जुने संगणक आहेत. ते वाचत उतरा. घाईनं पळालात तर हाती फक्त गोळीबार लागेल; वाचलंत तर जुन्या कामगारांचं काय झालं ते कळत जातं, आणि मधेच डोळ्यांसमोर जे क्षणभर दिसतं त्याचा अर्थ लागतो. चौथ्या टर्मिनलपाशी कंदिलाजवळ स्नीकचा बॉबलहेड आहे.

त्यानंतर तळाचं पाणी. त्यात बुडी मारून खाली गेलं की वेदीसारख्या दगडावर क्रेम्व्ह्स टूथ हा विळ्याच्या जातीचा माचेटे मिळतो. त्याचा घाव विषारीही असतो आणि रक्तही काढत राहतो. इथं दोन चुका हमखास होतात. एक, पॉवर आर्मर म्हणजे यांत्रिक चिलखत घालून उतरणं: त्यात पोहता येत नाही, तळाला बसता. आर्मर काठावरच उतरवा. दुसरी, किरणोत्सर्ग विसरणं. अॅक्वाबॉय हा पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायचं कौशल्य) घेतला असेल तर पोहताना रेडिएशन लागत नाही आणि श्वासही कोंडत नाही. त्याला एन्ड्युरन्स, म्हणजे काटकपणाचा गुण, ५ लागतो. नसेल तर रेडिएशन उतरवणारे २-३ रॅडअवे आणि जखमा भरणारे १० स्टिमपॅक जवळ हवेत. पंधराव्या लेव्हलच्या आत इथं जाऊ नये असं आमचं मत. पण चारांतली एकच जागा बघायची असेल, तर हीच बघा.

व्हॉल्ट ८१ या भूमिगत आसऱ्याचा दर्शनी भाग कोणीही पाहतो. दारावर ३ फ्यूजन कोअर, म्हणजे पॉवर आर्मरला लागणाऱ्या बॅटऱ्या, मागतात. करिश्मा, म्हणजे बोलून छाप पाडण्याचा गुण, चांगला असेल तर बोलूनही सुटका होते. दडलेला आहे तो त्याच्या आतला गुप्त विभाग, जो ऑस्टिन नावाच्या मुलाला मोलरॅट हा उंदरासारखा प्राणी चावल्यावर उघडतो. फायदा मोठा: क्युरी ही रोबो सोबतीण, शिवाय तिच्या खोलीत मेडिसिनचा बॉबलहेड. धोकाही तसाच आहे. आतल्या मोलरॅटचा चावा बसला की १० हेल्थ कायमची जाते. औषध एकच डोस. तुम्ही घेतलं तर पोराला उरत नाही. म्हणून सोबत्याला बाहेरच ठेवा, कारण त्याला चावलं तरी लागण तुम्हाला होऊ शकते. जमिनीतून उकरून वर येणारे हे प्राणी टेबलावर किंवा उंचवट्यावर चढलेल्या माणसापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा आधी चढा, मग गोळी झाडा. घाई करणाऱ्यानं ही जागा पुढच्या सुट्टीवर ढकलावी. लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी तर नकोच; चावा चुकवत केलेली अर्धी वाट पुन्हा करायला जीव होत नाही.

सेलमचं म्युझियम ऑफ विचक्राफ्टही ईशान्येलाच, म्हणून डनविचच्या फेरीला जोडता येतं. पुढचं दार उघडत नाही, तळघराच्या झडपेतून शिरायचं. आत एकच डेथक्लॉ, म्हणजे धारदार नखांचा महाकाय प्राणी, पण अरुंद जागेत. हाती जड हत्यार आणि वाटेत पेरायला ४-५ माइन्स (सुरुंग) नसतील तर मागं फिरा. मिळतं ते एक शाबूत अंडं. ते डायमंड सिटीत वेलिंगहॅमला दिलं तर पाककृती मिळते, घरट्यात परत ठेवलं तर डेथक्लॉ गॉन्टलेट, म्हणजे हातात चढवायचा नखांचा पंजा. मुठीनं लढणाऱ्यानं दुसराच मार्ग घ्यावा. घरट्यापाशी मोठी डेथक्लॉ अंगावर येतेय असं वाटेल, तरी अंडं ठेवेपर्यंत गोळी झाडू नका.