जंगलात अडकल्यावर: सशाचं मांस की ओकची फळं?

ससा हाती लागला की पोटाची सोय झाली असं वाटतं. रानसशाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी जेमतेम 2 ग्रॅम आणि ऊर्जा 114 किलोकॅलरी. म्हणजे दिवसाच्या 2000 किलोकॅलरीसाठी पावणेदोन किलो मांस! त्यातून येणारी 380 ग्रॅम प्रथिनं यकृताला झेपत नाहीत. मग जुलाब, डोकेदुखी, थकवा आणि कितीही खाल्लं तरी न भागणारी भूक. 1928 मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रयोगात ध्रुवीय संशोधक विल्ह्यालमुर स्टेफान्सन निव्वळ चरबीविरहित मांसावर काही दिवसांतच आजारी पडले; चरबी वाढवल्यावर बरे झाले. शिवाय प्रथिनांपासून बनणारा युरिया लघवीवाटे बाहेर टाकायला पाणी जास्त लागतं.

ओकच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 387 किलोकॅलरी, 24 ग्रॅम चरबी, 41 ग्रॅम कर्बोदकं. अर्धा किलो गर पुरतो. अडचण टॅनिनची, म्हणजे तोंड आवळणाऱ्या कडवट-तुरट द्रव्याची. फळं पाण्यात टाका. तरंगणारी बहुधा किडकी, फेकून द्या. सोलून गर जाडसर कुटा, फडक्यात बांधून वाहत्या पाण्यात ठेवा. चिमूटभर चावून बघा, तोंड आवळलं तर अजून वेळ आहे. भांडं असेल तर उकळा आणि तपकिरी पाणी ओतून टाकत राहा.

आमचा कौल ओकला. मात्र प्रथिनं फक्त 6 ग्रॅम, म्हणून ससा सोबतीला हवाच: मेंदू, यकृत, मूत्रपिंडाभोवतीची चरबी टाकू नका. सोलताना हाताला जखम नको, सशांपासून होणाऱ्या ट्युलरेमिया या जिवाणूजन्य आजाराचा धोका असतो. मांस पूर्ण शिजवा.