पग, स्पिट्झ, डॅशहंड की बीगल? सांगली-मिरजेच्या घरात लहान मुलं असतील तर

मिरजेच्या मावसबहिणीला पिल्लू घ्यायचंय. मुलं पाच आणि आठ वर्षांची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाकट्याला पगच पाहिजे. मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आमच्या शेजारी विश्रामबागेत पग आहे. मे महिन्यात दुपारी तो जिन्याखालच्या फरशीवर पोट टेकून, चारी पाय पसरून पडलेला असतो आणि जागेपणीच घोरतो. पोरांनी चेंडू टाकला तर दोनदा आणतो, तिसऱ्यांदा पाण्याच्या भांड्याशी जाऊन बसतो. मुलं त्याला आळशी म्हणतात. आळशी कसला, नाकच नाही त्याला! कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंजांना. बाकी अंग गार करायचं ते धापा टाकून, आणि चपट्या तोंडात हवा खेळायला जागा नसते. पारा 40 ला टेकणाऱ्या आपल्या गावात हे जिवावरचं दुखणं आहे. स्वभावाला मात्र तोड नाही. 6 ते 8 किलोचा ठोसर गडी, पोरांचं लोंबणं-ओढणं मुकाट सोसतो. फक्त डोळे बटबटीत, त्यांना नख लागायला वेळ लागत नाही. घरात एसी असेल आणि सकाळी सातच्या आत फिरवून आणणार असाल तरच पग घ्या. शिह त्झूचं नाकही तसंच, वर रोज विंचरायचे केस. पुढे चला.

आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा. पाच वर्षांच्या पोराच्या हातून निसटला तर पाय मोडून बसेल. स्पिट्झ त्याहून दणकट, लहान चणीचा 5 ते 7 किलो भरतो, आणि एवढा झुपकेदार असून आपल्या हवेत टिकतो. उन्हाळ्यात दया येऊन त्याचे केस भादरू नका, त्या दुहेरी केसांनीच ऊन अडतं. आमचा नऊ वर्षांचा आहे. बेल वाजली की भुंकतो, कुकरची शिट्टी झाली की भुंकतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंशी आमचं बोलणं दोनदा बंद झालंय ते त्याच्यापायी. शाळेच्या निळ्या पँटवर पांढरे केस तर रोजचेच. अगदी रांगतं मूल असेल तर जरा जपून, कारण शेपूट ओढलेली तो पगासारखी खपवून घेत नाही. पण 2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागातली बहीण बाहेर पडली तेव्हा एका हातात पिशवी होती आणि काखोटीला स्पिट्झ. मोठं कुत्रं असतं तर?

डॅशहंड मला स्वतःला फार आवडतो. जर्मनीत बिळात शिरून शिकार करायला तयार केलेला, त्यामुळे कुंड्या उकरणारच. पण पाठ लांब, पाय आखूड, मणक्याची चकती सरकण्याचं भय जन्मभर. मुलं कुत्र्याला बगलेत धरून उचलतात, मागचं धूड खाली लोंबतं. याला एक हात छातीखाली आणि एक हात ढुंगणाखाली घालूनच उचलावं लागतं. पाच वर्षांच्या पोराला हे रोज कोण आठवण करून देणार? शिवाय दोन मजले जिना.

बीगल खेळायला सगळ्यांत भारी. दहा-अकरा किलोचा, दमत नाही, मुलांशी मनमिळाऊ. त्याला रोज तासभर पळवायला माणूस पाहिजे, नाहीतर चपला कुरतडतो. आणि खादाड! आमचा मेव्हणा तासगावचा. त्याच्या घरी बेदाण्याची पोती ओसरीवर, पोरांच्या खिशात कायम मूठभर बेदाणे. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे धोका, याचा नेम नाही. हे सगळ्याच जातींना लागू आहे, पण बीगल सोफ्याखाली पडलेला दाणाही नाकानं हुडकून काढतो. कुत्र्यानं बेदाणे खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

जात कुठलीही घ्या, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू उचलू नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार ते विकताही येत नाही. आम्हाला एकानं 'दोन महिन्यांचं' म्हणून दिलं, डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, जेमतेम पाच आठवड्यांचं. किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे पिल्लू भावंडांत लोळताना शिकतं. आमच्यानं ते शिकणं माझ्या मुलीच्या घोट्यावर केलं.

मिरजेच्या मावसबहिणीला मी स्पिट्झ सांगितला. ती अजून पगवरच अडलीय. म्हटलं, मग निदान दिवाळीनंतर आण, म्हणजे उन्हाळ्याआधी त्याला चार महिने तरी मिळतील. आणि तोवर हॉलला एसी बसवायचं काय ते भावोजींशी बोलून घे.