२०२५चे मराठी चित्रपट: माझी निवड, माझा क्रम

वर्षअखेरीस आवडत्या चित्रपटांची यादी करायला बसले की पहिला अडसर आठवणीचा येतो. डिसेंबरमध्ये पाहिलेले ताजे असते, जानेवारीतले धूसर झालेले असते, आणि भरलेल्या चित्रपटगृहात सगळ्यांबरोबर हसलो म्हणून जो चित्रपट त्या रात्री थोर वाटला होता, त्यातला एक प्रसंगही पुढे धड सांगता येत नाही. म्हणून गेली काही वर्षे मी एक नियम पाळतो. चित्रपट पाहून आल्यावर लगेच वहीत काही लिहायचे नाही. महिना उलटल्यावर जे आपोआप आठवते, तेवढेच टिपायचे. यंदाची वही चाळताना असे दिसले की उरलेल्या प्रत्येक चित्रपटाला स्वतःचा मुलूख आहे, आणि त्या मुलखाची बोली पात्रांच्या तोंडी उसनी वाटत नाही. चकचकीत दिवाणखान्यात प्रमाण मराठीत भांडणारी कुटुंबे याही वर्षी पडद्यावर पुष्कळ होती. वहीत मात्र त्यांच्या नावापुढे फारसे काही लिहिलेले नाही.

माझ्या यादीत पहिला क्रमांक रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चा आहे, आणि दुसऱ्या क्रमांकाशी त्याचे अंतर बरेच आहे. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्याला मिळाले, तेव्हापासून तो कधी पाहायला मिळतो याची वाट पाहत होतो. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मी पहिल्याच शनिवारच्या रात्रीच्या खेळाचे तिकीट काढले होते, आणि दारात गेल्यावर कळले की चारच तिकिटे गेल्यामुळे खेळ रद्द केला आहे. पैसे परत मिळाले; संध्याकाळ मिळाली नाही. मंगळवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन अखेर तो पाहिला, तेव्हा प्रेक्षागृहात आम्ही अकरा जण होतो.

वडील गेल्यानंतर मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद आईबरोबर गावी येतो आणि सुतकाचे दहा दिवस तिथे काढतो, एवढीच गोष्ट. लहानपणचा सोबती बाळ्या अजून गावातच आहे. त्याचेही लग्न झालेले नाही. दोघांमधले जुने नाते पुन्हा उमलते. दिग्दर्शकाने आपल्या वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दिवसांतून ही कथा आली आहे, आणि ते प्रत्येक तपशिलात जाणवते. मयताच्या घरातले बसणे कसे असते, हे ज्याने सोसले आहे त्यालाच असे दाखवता येईल. चटईवर बसलेली माणसे, मध्येच कुणाला तरी आठवलेली शेताची गोष्ट, अनवाणी पायांनी दहा दिवस वावरणारा मुलगा, आणि आल्यागेल्या प्रत्येक नातेवाइकाचा घुटमळत घुटमळत लग्नावर येणारा विषय. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत कार्य उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे लागते, असे आपल्याकडे सांगितले जाते. शोकाच्या घरात तिशीच्या मुलाच्या लग्नाचा विषय इतक्या सहजपणे कसा निघतो, याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. आपल्याला वाटत नाही.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून असतो, आणि माणसे चौकटीत येतात, बसतात, निघून जातात. पहिली दहा मिनिटे मलाही अवघड गेली, हे कबूल करतो. शेजारच्या पडद्यावर कुठला तरी मारधाडीचा चित्रपट चालू होता आणि भिंतीपलीकडून त्याचे नगारे ऐकू येत होते. संगीताचा आडोसा नसलेल्या चित्रपटाला हा शेजार फार जाचतो. मात्र एकदा कान रुळले की शेळ्यांचे ओरडणे, झाडातला वारा आणि दोन माणसांमधली न बोललेली जागा, यांचाच एक ताल लागतो. एरवी मराठी चित्रपटात माणूस गप्प झाला की लगेच बासरी सुरू होते. इथे माणूस गप्प असतो, आणि त्याचा चेहरा वाचायचे काम आपल्यावर सोपवलेले असते.

शीर्षकातली साबर बोंडे म्हणजे निवडुंगाची फळे. दुष्काळी मुलखातल्या मुलांना ती कशी खायची हे शिकवावे लागत नाही. वरची बारीक कुसळे मातीत घोळवून किंवा कापडाने पुसून काढायची, साल सोलायची, आणि आतला गर्द लाल गर तोंडात टाकायचा. मग जीभ आणि ओठ इतके रंगतात की घरी काही लपवता येत नाही. बाळ्या आनंदसाठी ही फळे शोधून आणतो. प्रेमाची कबुली म्हणून एवढी नेमकी, एवढी आपल्या मातीतली वस्तू मराठी पडद्यावर मी फार दिवसांनी पाहिली. दिग्दर्शक त्या फळाचे प्रतीक करून ते आपल्या डोळ्यांपुढे नाचवत बसत नाही, हे त्याहून मोलाचे.

भूषण मनोज आणि सूरज सुमन या दोघांचे काम अतिशय संयत आहे. पण मला सर्वांत जास्त आठवते ती जयश्री जगताप यांनी उभी केलेली आई. मुलाला पुरुष आवडतात हे तिला माहीत आहे. त्यावर ती भाषण देत नाही, अश्रू ढाळत नाही, ‘तू माझाच आहेस’ असली वाक्ये म्हणत नाही. नातेवाइकांना सांगायची थाप मात्र ती मुलाच्या बरोबरीने सांभाळते. कष्टकरी घरातली, फार न शिकलेली बाई समजूतदार असू शकते, हे सांगण्यासाठी चित्रपटाने आवाज चढवलेला नाही. दोष काढायचाच तर मधल्या भागात दोन-तीन प्रसंग एकसारखे वाटतात आणि काही नातेवाईक केवळ टोमणे मारण्यापुरते येतात. तेवढे सोडले तर या चित्रपटात मला काही कापावेसे वाटले नाही.

दुसरा क्रमांक जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’चा. टोरांटो महोत्सवात २०२३ साली नेटपॅक, म्हणजे आशियाई चित्रपटांसाठीचे, पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट महाराष्ट्रात लागायला ७ मार्च २०२५ उजाडला. दिग्दर्शकाच्याच डोंगरगावात, चंद्रपूर जिल्ह्यात, गावातली माणसे घेऊन तो चित्रित केला आहे. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता शिकते आहे, तिला पुढे काही व्हायचे आहे, आणि घरात एकामागून एक स्थळे येत आहेत. ‘स्थळ’ या शब्दाची गंमत अशी की त्याचा अर्थ ठिकाणही आणि सोयरीकही. मुलीचे ‘ठिकाण’ ठरवायला दर वेळी चार-पाच पुरुष खुर्च्यांवर बसतात, आणि ती स्वतः मधोमध बसून आपली उंची किती, शिक्षण किती, आवड कशाची, हे सांगत राहते.

चित्रपट सुरू होतो तो उलट्या चित्राने. बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि मुलगा प्रश्नांची उत्तरे देतो आहे. प्रेक्षागृह हसले, मीही हसलो. त्यानंतर खरे कार्यक्रम सुरू झाले. तेच प्रश्न, तोच क्रम, तोच पोह्यांचा आणि चहाचा ट्रे, तीच मान खाली घालून उठण्याची पद्धत. दुसऱ्या वेळी हसू थोडे आले, तिसऱ्या वेळी कुणी हसले नाही. पुनरावृत्ती हे इथे हत्यार आहे, आणि ते दिग्दर्शकाने फार थंड डोक्याने चालवले आहे. नंदिनी चिकटे या मुलीचा चेहरा त्या प्रत्येक बैठकीत किंचित बदलत जातो; ती अभिनय करते आहे, असे एकदाही वाटत नाही. वऱ्हाडी वळणाची बोली विनोदासाठी न वापरता रोजच्या जगण्यासाठी वापरली आहे, हीसुद्धा मराठी चित्रपटात सहज घडणारी गोष्ट नव्हे. विदर्भातला माणूस म्हणजे हशा, हे समीकरण आपण किती वर्षे चालवून घेतले!

हा चित्रपट मी आईबरोबर पाहिला. मध्यंतरात ती काही बोलली नाही. घरी परतताना रिक्षात एवढेच म्हणाली, “मला सात स्थळं झाली होती. तुझे बाबा आठवे.” हा आकडा मी तोवर कधी ऐकला नव्हता.

‘स्थळ’ला पहिला क्रमांक का दिला नाही, असे आईनेच विचारले. उत्तर असे की वडिलांच्या कर्जाचा आणि कापसाच्या भावाचा धागा उत्तरार्धात घाईने आवरल्यासारखा वाटतो, आणि महिला सबलीकरणाचा धडा वर्गात शिकवला जात असताना घरी पाहण्याचा कार्यक्रम ठरतो, हा विरोधाभास एकदा दाखवून पुरला असता.

सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ तिसरा, आणि तो जवळजवळ एकट्या दिलीप प्रभावळकरांच्या बळावर. १२ सप्टेंबरला चित्रपट लागला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. बाबुली मेस्त्री हा थकलेला दशावतारी नट. नजर अधू होत चालली आहे, मुलगा आता थांबा म्हणतो आहे, आणि याचा पाय रंगमंचावरून निघत नाही. दशावतारी नट आपली रंगरंगोटी स्वतः करतो, संवाद लिहिलेले नसतात, पेटी आणि मृदंगाच्या साथीने जत्रेतली रात्र जागवायची असते. अशा माणसाची दृष्टी जाणे म्हणजे काय, हे प्रभावळकर आरशासमोर बसल्या बसल्या बोटांच्या हालचालीतून सांगतात. पूर्वार्ध मला फार आवडला. बापलेकांची मालवणीतली कुरबूर, किर्र झाडी, रात्रीच्या खेळाची गर्दी, सगळे जिथल्या तिथे. पुढे खाणीचा विषय येतो आणि चित्रपट सूडाच्या वाटेला लागतो. दृश्ये भव्य होतात, पण खलपुरुष कागदी उरतात. कोकणातल्या खाणकामाचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा आहे की चार दुष्ट माणसे संपवून तो सुटल्याचे समाधान मला घेता आले नाही. ज्यांना ते घेता आले त्यांच्या टाळ्या मात्र खऱ्या होत्या. माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा प्रत्येक अवताराच्या प्रवेशाला हात जोडत होते.

त्या १२ सप्टेंबरबद्दल एक तक्रार नोंदवतो. ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी आले. त्याआधी १ मे रोजी ‘आता थांबायचं नाय!’ आणि ‘गुलकंद’ असेच समोरासमोर उभे होते. खेळ मिळत नाहीत म्हणून आपण चित्रपटगृहांना बोल लावतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण एकाच प्रेक्षकाच्या एकाच रविवारावर तीन निर्मात्यांनी दावा सांगावा, यात कुणाचे भले होते हे मला उमगलेले नाही.

‘आता थांबायचं नाय!’ चौथा. शिवराज वायचळ यांनी मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची, रात्रशाळेत जाऊन दहावीला बसण्याची, खऱ्या घटनेवर आधारलेली गोष्ट सांगितली आहे. अखेर काय होणार हे आरंभीच ठाऊक असते, आणि प्रेरणादायी भाषणांचा डोसही जास्त झाला आहे. तरीही सिद्धार्थ जाधव यांना कुणीतरी आवर घालून काम करायला लावले, याचे श्रेय दिग्दर्शकाला द्यायला हवे. शाळकरी बाकावर गुडघे न मावणारी ती मोठी माणसे, आणि उजळणी करताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारी लाज, एवढे महिन्यानंतरही वहीत उतरले.

पाचव्या जागेवर हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ आहे. करणी आणि मनोविकार यांच्यामधली रेघ पुसट ठेवून त्यांनी भय निर्माण केले, दार आपटण्याच्या आवाजाने नव्हे. अमृता सुभाष यांची राधा मनातून जात नाही, आणि अनिता दाते यांना थोड्या वेळात केवढी दहशत बसवता येते हे पाहावे. शेवटी उलगडा जरा जास्तच नीट समजावून सांगितला आहे. प्रेक्षकावर ठेवलेला विश्वास ऐनवेळी काढून घेतल्यासारखे वाटले. जूनमध्ये चित्रपटगृहात चुकला म्हणून मी तो पुढे झी फाइव्हवर घरी पाहिला, आणि मधे दोनदा दिवा लावला.

संतोष डावखर यांच्या ‘गोंधळ’ला यादीत जागा नाही, याचे कारण चित्रपटात नसून माझ्यात आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्यमयूर मिळाले. मी मात्र वाहतुकीत अडकून वीस मिनिटे उशिरा आत शिरलो होतो, आणि रात्रभराच्या एका विधीवर उभारलेल्या चित्रपटाची सुरुवातच हुकल्यावर त्याला क्रमांक देण्याचा मला अधिकार नाही. तो पुन्हा, वेळेवर जाऊन पाहीन.

‘साबर बोंडं’ घरी पाहण्याची वेळ आलीच, तर पंखा बंद करून आणि कानाला हेडफोन लावून पाहावा. माझा दुसऱ्यांदा पाहण्याचा बेत तसाच आहे. शेजारच्या पडद्यावरच्या नगाऱ्यांखाली त्यातले काय काय बुडाले, ते मला ऐकायचे आहे.