एसएनएसची फिल्टर पॉलिसी: खूप कामाची आहे, पण लावाल त्याच दिवशी अलार्मही लावा

एसएनएस म्हणजे एक मेसेज अनेक ठिकाणी पोचवणारी अ‍ॅमेझॉनची सेवा. आमच्याकडे तिच्यात ऑर्डरचा एकच टॉपिक (मेसेज जिथे पाठवतात ती जागा) आहे आणि त्याला सहा क्यू (मेसेजच्या रांगा) जोडल्यात, बिलिंग, गोदाम, एसएमएस वगैरे. आधी काय व्हायचं, कुठलाही मेसेज आला की सहाही क्यूमध्ये जायचा आणि प्रत्येक क्यूचा लॅम्डा (मेसेज आला की चालणारा छोटा प्रोग्राम) चालू होऊन बघायचा की हा आपल्या कामाचा आहे का, नसला तर डिलीट. म्हणजे फेकून द्यायच्या मेसेजचे पण पैसे भरत होतो.

अ‍ॅमेझॉन एसएनएसमध्ये २०१७ पासून सबस्क्रिप्शनवरच, म्हणजे टॉपिक आणि क्यूच्या जोडणीवरच, फिल्टर लावता येतो. तो मेसेजसोबत पाठवलेली अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे मेसेजला लावलेली लेबलं, बघतो. ही फिल्टर पॉलिसी म्हणजे छोटासा जेसॉन (नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा मजकूर) असतो, एका कीपुढे, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटच्या नावापुढे, दोन व्हॅल्यू लिहिल्या तर त्यातली कुठलीही एक जुळली की झालं, पण दोन की दिल्या तर दोन्ही जुळायला लागतात. "हे सोडून बाकी सगळं", सुरुवातीची अक्षरं, आकड्यांची रेंज असं सगळं जमतं. एका पॉलिसीत ५ कीपर्यंतच जाता येतं, आम्हाला दोनच्या वर कधी लागल्या नाहीत. लॅम्डामधले ते इफ-एल्स काढून टाकताना खरंच बरं वाटलं.

आता जपायचं कुठे ते सांगतो. आमच्याच एका रिलीजमध्ये पब्लिशरच्या (टॉपिकवर मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या) कोडमधून अ‍ॅट्रिब्यूट पाठवायची ओळ उडाली, त्यामुळे ऑर्डर कॅन्सल झाल्याचे मेसेज फिल्टरमध्येच अडकले, गोदामाला मिळालेच नाहीत. संध्याकाळी गोदामातून फोन, अहो कॅन्सल झालेल्या ऑर्डरी पॅक होतायत! लॉग बघितले तर एरर नाही, पब्लिश केल्यावर मेसेज आयडी व्यवस्थित परत येतोय, डेड लेटर क्यू (न पोचलेले मेसेज ठेवायची रांग) पण रिकामी, कारण फिल्टरमध्ये अडकलेला मेसेज तिथे जातच नाही. दोन तास डोकं धरून बसलो. शेवटी क्लाउडवॉचमध्ये (अ‍ॅमेझॉनचं आकडे आणि अलार्म बघायचं साधन) "नंबर ऑफ नोटिफिकेशन्स फिल्टर्ड आउट" याचाच एक भाऊ आहे, "नो मेसेज अ‍ॅट्रिब्यूट्स" वाला, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट नसल्यामुळे अडकलेले मेसेज मोजणारा, त्याचा ग्राफ दुपारपासून सरळ वर गेलेला दिसला. हा आकडा शून्याच्या वर गेला की आता लगेच मेसेज येतो आम्हाला.

आणि पॉलिसी बदलली की पूर्ण लागू व्हायला १५ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, त्यामुळे बदलून लगेच टेस्ट करून "चालत नाही" म्हणू नका. आम्ही आधी पॉलिसी टाकतो, चहा घेऊन येतो, मग पब्लिशर डिप्लॉय करतो.

२०२२ पासून मेसेजच्या बॉडीवर, म्हणजे आतल्या मजकुरावर, पण फिल्टर लावता येतो, पब्लिशर दुसऱ्या टीमचा असेल आणि ते अ‍ॅट्रिब्यूट टाकून देत नसतील तर हाच मार्ग. फक्त त्याला स्कॅन झालेल्या डेटाचे वेगळे पैसे पडतात, अ‍ॅट्रिब्यूटवाला फुकट आहे. कोड आपल्या हातात असेल तर अ‍ॅट्रिब्यूटच वापरा.