भाड्याने दिलेला कॅमेरा परत आला नाही, तेव्हा कळलेल्या गोष्टी

महागडे कॅमेरे कुलूप तोडूनच चोरीला जातात असा सर्वसाधारण समज असल्यामुळे आपली सगळी काळजी बॅग, कपाट आणि गाडीच्या डिकीपुरती मर्यादित राहते. माझी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा मूळ कॅमेरा, आणि ७०-२०० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स मात्र एका माणसाने पावतीवर रीतसर सही करून माझ्याच हातून नेली. काम नसलेल्या दिवसांत साहित्य भाड्याने देणारे छायाचित्रकार अनेक आहेत, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

त्या माणसाने आधी विश्वास संपादन केला. पहिल्या वेळी त्याने एकच साधी लेन्स नेली आणि ठरलेल्या वेळेआधी आणून दिली. हूड, म्हणजे लेन्सपुढचे ऊन अडवणारे कडे, उलटा करून बसवलेला, पुढचे-मागचे झाकण जागेवर आणि काचेवर बोटाचा ठसासुद्धा नाही. साहित्य जपणाऱ्याची ही लक्षणे आपण नेमकी हेरतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढच्या वेळी मोठ्या समारंभाचे काम सांगून त्याने बॉडी आणि मोठी लेन्स मागितली, घासाघीस न करता अनामत रक्कम भरली आणि ओळखपत्राची झेरॉक्स दिली. परतीच्या दिवशी निरोप आला की काम लांबले आहे, वाढीव भाडे देतो. पुन्हा तसाच निरोप आला आणि मग फोन बंद झाला. हे लांबवणे हेतुपुरस्सर असते, कारण मालक तक्रारीला जितका उशीर करील तितका वस्तू विकायला अवधी मिळतो. ओळखपत्रावरचे नाव-पत्ता खरे निघाले, फोटो मात्र बदललेला होता. त्या पत्त्यावरच्या गृहस्थांना यातले काहीच माहीत नव्हते.

विम्याचा दावाही फेटाळला गेला, आणि हा भाग प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. मालकाने स्वतःहून वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन केली असेल, मग ती फसवून का घेतलेली असेना, तर अनेक पॉलिसींमध्ये ती चोरी धरली जात नाही. घरगुती विम्यात तर व्यावसायिक वापराचे साहित्य बहुधा वगळलेलेच असते. म्हणून ‘भाड्याने नेणाऱ्याने वस्तू परत केली नाही तर भरपाई मिळेल का’ हा प्रश्न विमा घेण्यापूर्वी लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

हरवलेला मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून बंद पाडता येतो. कॅमेऱ्याला तशी सोय नसते आणि तो कोणाच्याही हातात निमूटपणे चालतो. त्यामुळे अनुक्रमांक हाच मुख्य पुरावा ठरतो. बॉडीचा क्रमांक बहुधा तळाशी आणि लेन्सचा माउंटजवळ, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडली जाते त्या कड्याजवळ, असतो. तळाचे लेबल खरवडता येते, पण अनेक कॅमेरे हाच क्रमांक प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येही लिहितात. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची माहिती नोंदवण्याचे जे एक्झिफ नावाचे मानक आहे, त्याच्या २०१० मधल्या २.३ आवृत्तीपासून बॉडी आणि लेन्स या दोहोंच्या क्रमांकांसाठी ठरलेली जागा आहे. बिल हरवले असले तरी जुन्या मूळ फाइलींवरून मालकी दाखवता येते, मात्र समाजमाध्यमांवर टाकलेल्या प्रतींतून ही माहिती बहुधा गाळली जाते, म्हणून मूळ फाइली जपाव्यात. बॅगेत ठेवायच्या ब्लूटूथ ट्रॅकरवर माझी फारशी भिस्त नाही: चोर बॅग टाकून देतो, शिवाय काही ट्रॅकर अनोळखी वस्तू सोबत फिरत असल्याची सूचना त्याच्याच फोनवर देतात.

आता मी झेरॉक्स स्वीकारत नाही, मूळ ओळखपत्र पाहतो, आणि ज्या ठिकाणी काम असल्याचे सांगितले जाते तिथला क्रमांक स्वतः शोधून फोन लावतो. समोरच्याने दिलेला क्रमांक त्याच्या साथीदाराचाही असू शकतो. अनामत रक्कम नव्या वस्तूच्या किमतीइतकी घेतो. वस्तू परत आल्यावर दोन्ही क्रमांक पावतीशी जुळवतो, कारण त्याच मॉडेलची बिघडलेली लेन्स परत देऊन चांगली ठेवून घेणारेही असतात. ठरलेली वेळ टळली की त्याच दिवशी लेखी तक्रार करतो.

माझे क्रमांक मी ओळखीच्या छायाचित्रकारांना आणि जुने कॅमेरे घेणाऱ्या दुकानदारांना कळवले होते. त्यांतल्या एकाने पैसे देण्याआधी माउंटजवळचा क्रमांक पडताळून पाहिला, म्हणून लेन्स सापडली. बॉडी अद्याप मिळालेली नाही. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने मूळ बिल मागून त्यावरचा क्रमांक असाच जुळवून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.